पसंत, नापसंत आणि बाल्कनीतल्या नऊ सीटा

माणसाचं भवितव्य कोण ठरवतं, हा प्रश्न फार मोठमोठ्यांना पडून गेला आहे आणि त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवले आहेत. त्यातले काही मी वाचले आहेत. उत्तर त्यांत नाही. उत्तर मला मलकापुरात, वीतभर उंचीच्या एका खिडकीमागे बसून मिळालं. भवितव्य मी ठरवत असे. निळ्या पेन्सिलीने.

एकोणतीस वर्षं मी एका टॉकीजची तिकिटं विकली. आता मोबाइलवर बोटाने सीट निवडणाऱ्यांना सांगायला हवं की पूर्वी ही निवड माझ्या बोटात होती. प्रत्येक शोचा एक छापील नकाशा असे. त्याला आम्ही प्लॅन म्हणायचो. त्यावर खुर्च्यांचे चौकोन. तिकीट फाडलं की तो चौकोन पेन्सिलीने काटायचा. एवढंच काम, पण बाल्कनीत एफ-अकरा नावाची एक खुर्ची होती आणि तिच्यासमोर खांब होता. एफ-अकरा कुणाला द्यायची, हे रोज तीन वेळा मला ठरवावं लागे. एकदा घाईत ती एका नव्या नवरीला दिली गेली. नवरा दहा नंबरवर बसून पिक्चर पाहत होता आणि तिला काय चाललंय ते सांगत होता. ती बाई आता आजी झाली आहे. बाजारात भेटते, मान फिरवते. तिचं बरोबर आहे.

खिडकी म्हणजे तरी काय, तर भिंतीतलं अर्धगोल भोक. त्यातून माणसाचं तोंड दिसत नाही, हात दिसतात. मी गावाला हातांवरून ओळखते. जिनिंगमधून सुटलेल्याच्या बाहीवर कापसाचा तंतू असतो. शिक्षकाच्या बोटाला लाल शाई असते. चोरून आलेल्या जोडप्यातला हात तिकीट घेतानाही मागे पाहत असतो. हे कसं, ते सांगता येणार नाही, पण पाहतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तिकीटवाल्या माणसाने कुठल्याच पिक्चरची सुरुवात पाहिलेली नसते. उशिरा येणारे येतच राहतात, म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटं खिडकी सोडता येत नाही. मी शेकडो पिक्चर पाहिले ते मधून. नायकाचा बाप कसा मेला, हे मला कधीच कळलं नाही. तो आधीच भिंतीवर हार घालून असायचा.

तर ही हकिकत मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली सांगते आहे. एक मराठी पिक्चर आला होता. प्रेमाचा, विनोदी, आणि नियतीचा. नाव लिहीत नाही, कारण बनवणारे हयात आहेत आणि आपण काय केलं ते बहुधा विसरले असतील. गोष्ट अशी: पुण्यात एकाच नावाच्या दोन इमारती. एकीत नायक, दुसरीत नायिका. कुरिअरवाला रोज याचं पार्सल तिला आणि तिचं याला नेऊन देतो. त्याचे बूट तिच्याकडे, तिची पुस्तकं त्याच्याकडे. एकमेकांना न बघताच दोघं प्रेमात पडतात. नायक तिच्या इमारतीखाली सहा वेळा येतो आणि सहाही वेळा वर न जाता परततो, कारण नियतीच आपली भेट घडवील असं त्याचं मत आहे. शेवटी दोघं एका लिफ्टमध्ये अडकतात. लिफ्ट बंद पाडणारी म्हणजे नियती. मी बौद्ध घरातली. आमच्याकडे पत्रिका म्हणजे फक्त लग्नाची, आणि गुण पाहतात ते दहावीचे. त्यामुळे लिफ्टमध्ये मला फक्त देखभालीचा अभाव दिसला.

पिक्चर लागायच्या आदल्या दिवशी वितरकाचा माणूस अमरावतीहून आला. भर उन्हाळ्यात अंगात ब्लेझर. आमच्याकडे ब्लेझर एकतर नवरदेव घालतो, नाहीतर बँडमास्तर. त्यामुळे आमचा डोअरकीपर शेषराव त्याच्याकडे बराच वेळ आदराने पाहत होता. त्या माणसाने आम्हा दोघांना फॉयरमध्ये उभं केलं आणि भाषण केलं. हातात कार्डांचा गठ्ठा होता. म्हणाला, "मॅडम, हे कार्ड नाही. हा संवाद आहे."

शेषराव म्हणाला, "हाव साहेब. पन ठेवाचा कायात?"

संवाद ठेवायला मी घरून लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा आणला.

कार्डावर वर सोनेरी अक्षरांत 'आपला कौल हेच आमचे भाग्य' असं होतं. खाली नाव, गाव, मोबाइल. मग दोन चौकोन, पसंत आणि नापसंत, आणि त्याखाली 'कारण' असं लिहून दोन ओळी मोकळ्या. पिक्चरचं नाव कुठेच नव्हतं. पुढच्या पिक्चरांनाही हीच कार्डं वापरायची होती, म्हणून. नियम एकच, आणि तो ब्लेझरवाल्याने तीनदा सांगितला: एका तिकिटाला एकच कार्ड. नाहीतर नायकाचे चाहते गठ्ठेच्या गठ्ठे भरून टाकतील अशी त्याला भीती होती. चाहत्यांच्या बाबतीत त्याचा अंदाज फारच आशावादी ठरला. रोज शेवटी मी अमरावतीला फोन करून पसंत किती, नापसंत किती, ते सांगायचं होतं.

पहिल्या तीन दिवसांत डबा अर्धा भरला. मी खिडकीत बसून कार्डं वाचायची. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण इतकं सरळ लिहिलेलं क्वचित वाचलं.

वडनेरच्या एका मिरचीवाल्याने लिहिलं होतं: 'हिरो काय धंदा करतो ते शेवटपर्यंत समजलं नाही. तरी पोरगी देली. नापसंत.' एका बाईने लिहिलं: 'अडीच तास बसायला भेटलं. पसंत.' एका गुरुजींनी कार्डावरचं शुद्धलेखन लाल पेनाने तपासून खाली दहापैकी सहा दिले होते. ते पिक्चरला की कार्डाला, ते स्पष्ट नव्हतं. एकाने पिक्चरबद्दल एक शब्द न लिहिता तीन नंबरचा पंखा बंद असल्याचं कळवलं होतं. तो मी दुरुस्त करून घेतला. त्या संवादातून झालेलं तेवढंच ठोस काम.

पण सगळ्यांत संतापलेले होते आमचे इंगळेकाका. निवृत्त पोस्टमन. पहिल्या दिवशी तीनच्या शोला आले, दुसऱ्या दिवशी परत आले. मला वाटलं आवडला असेल. सुटल्यावर खिडकीत हात घालून म्हणाले, "बाई, पुन्हा पाह्यला. त्या कुरिअरवाल्यानं किती पार्सलं चुकवली ते मोजाचं राह्यलं होतं."

"किती झाली?"

"चौदा. अन् हे म्हंतेत नशीब! नशीब-बिशीब काही नाही बाई, पिनकोड पाह्यला नाही त्यानं. आमच्या वक्ताले असा मानूस सस्पेंड झाला असता."

"पण मग त्यांची भेट कशी झाली असती काका?"

"नसती झाली. दोघंबी आपापल्या घरी सुखात राह्यले असते. बूटबी ज्याचे त्याच्याजवळ."

त्यांच्या कार्डावर कारण होतं: 'पत्ता अपुरा.'

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीत एक हात आला. दोन बोटांना तांब्याच्या तारेचे चरे, नखात काळं वार्निश. मोटार रिवाइंडिंगवाले दिनकरमामा. मामा रूपालीचे सख्खे मामा, पण मलकापुरात निम्मं गाव त्यांना मामाच म्हणतं. रूपालीला मी ओळखत होते. ती समोरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माझ्या साखरेसाठी दर तीन महिन्यांनी रक्त काढायची, आणि काढताना 'दुखणार नाही' असं कधीच म्हणायची नाही. म्हणायची, "दुखीन. थोडंसं." मला अशी माणसं आवडतात. घर वडनेर भोलजीला; रोज बसने ये-जा.

मामा वाकून भोकाला तोंड लावत म्हणाले, "मॅडम, तीनच्या शोले बाल्कनीत नऊ सीटा पाह्यजे. रूपालीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, वरवट बकालचे."

"टॉकीजमध्ये?"

"हाव. पोरगी म्हंते, लय वेळा पोहे झाले, आता मी ताट घेऊन कोनापुढे येत नाही. मंग म्या म्हटलं, मॉडर्न करू. पिक्चर पाहू सगळे जनं. पोरगा-पोरगी मधात बसतीन, आपन आजूबाजूले. तुमी सीटा अशा द्या का दोघाइले बोलताबी आलं पाह्यजे अन् आमाले आयकूबी आलं पाह्यजे."

मी प्लॅन काढला. मधल्या दोन सीटा मुलामुलीच्या, एका बाजूला वडनेर, दुसऱ्या बाजूला वरवट. एफ-अकरा टाळली. मामा तरी हलेनात. हळू आवाजात म्हणाले, "अन् एक गोष्ट. दोघाइचं मत आजच समजलं पाह्यजे. पन तोंडावर इचारनं बरं नाही दिसत. नाही का?"

इथे माझी चूक झाली. मामांनी मत म्हटलं आणि माझ्या डोक्यात डबा होता. वर 'मॅडम' म्हणून कुणी सल्ला मागितला की मी जरा फुगते. मी म्हटलं, "काळजी करू नका मामा. शो सुटला की सगळ्यांचं मत आम्ही लेखी घेतो. कार्डं छापलेली आहेत. पसंत, नापसंत, कारणासकट."

खिडकीतला हात जागच्या जागी थांबला. मग मामांनी तो कपाळाला लावला. "छापलेले कार्डं! मॅडम, टॉकीज असावी तं अशी."

मला वाटलं, माणूस सिनेमाचा शौकीन आहे.

आपल्याकडे 'पसंत' हा शब्द साड्यांना, घरांना, बैलांनाही चालतो. पण ज्या घरात लग्नाची मुलगी आहे, तिथे त्याचा एकच अर्थ उरतो, आणि 'पसंती कळवतो' म्हणून गेलेल्या माणसांच्या फोनची वाट पाहत घर बसलेलं असतं. हे मला ठाऊक होतं. त्या वेळी सुचलं नाही.

तीनला मंडळी आली. मुलगा नीलेश. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी. तिकिटं घेताना त्याचा हात पाहिला. मनगटावर वासराच्या दातांची जुनी खूण, नखं स्वच्छ. त्याची आई ठसठशीत, बोलण्यात खणखणीत. इंगळेकाकाही होते, तिसऱ्यांदा. आता मोजायला काही उरलं नव्हतं, पण सवय लागली असावी.

इंटरव्हलला रूपाली लेडीज खिडकीशी आली आणि खाली वाकली. इतक्या वर्षांत त्या भोकातून फार थोडी तोंडं दिसली. त्यातलं हे एक.

"मॅडम, पिक्चर एकदम फालतू आहे व."

"आणि मुलगा?"

ती म्हणाली, "बरा आहे." मग, "चांगला आहे. मी मोठ्यानं हसली तं त्याची आई वळून पाहाले लागली. तं हा माह्याहून मोठ्यानं हसला. उगाच. त्याले हसूबी येत नव्हतं." आणि स्वतःच हसली. "घरी म्या सांगून ठेवलं, हे शेवटचं. याच्यानंतर मी कोनाले दाखवाले बसनार नाही. अन् आता नेमकं वाटून राह्यलं, हे जमलं तं बरं होईन."

घंटा झाली आणि ती पळाली. मला वाटलं, मामा समजतात तितके काही वेडे नाहीत.

साडेपाचला शो सुटला. शेषराव दारात कार्डं वाटत होता, मी डब्यापाशी उभी. नीलेशने कार्ड घेतलं, बराच वेळ पाहिलं, कानापर्यंत लाल झाला, भिंतीकडे तोंड करून भरलं, चार घड्या घालून डब्यात टाकलं. रूपालीने उभ्या उभ्या भरलं, रक्ताच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी तसं, आणि टाकलं. त्यानंतर, मी काही म्हणायच्या आत, मामांनी डब्यात हात घालून चार घड्यांचं कार्ड काढलं. त्यांनी केलेलं पाहून नीलेशच्या आईनेही हात घालून रूपालीचं काढलं. शेषरावला वाटलं, ही माणसं अमरावतीची.

मामांनी पहिला शब्द वाचला आणि कार्ड वर धरून ओरडले, "पसंत!"

पुढचं वाचायला ते थांबले नाहीत. रस्त्यापलीकडे पेढ्याचं दुकान आहे. मामा गेले आणि आले ते खोका उघडतच. शेषरावला पेढा, मला पेढा, सहाच्या शोच्या रांगेतल्या पहिल्या पाच-सहा अनोळखी माणसांना पेढा. एकाने विचारलं, "काय झालं?" शेजारचा म्हणाला, "पिक्चर आवडला म्हंते त्याले." तो माणूस रांगेत आणखी पुढे सरकला.

मामा पेढा घेऊन नीलेशच्या आईपुढे गेले. "घ्या विहीनबाई!"

विहीणबाई पेढ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या हातात कार्ड होतं आणि चेहरा उतरला होता.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "काय लिवलं तुमच्या पोरीनं? आयका. नापसंत. कारन: मुलगा शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. सगळं नशिबावर सोडून देतो. असा मुलगा कोणत्याच पोरीला चालणार नाही." त्यांनी कार्ड खाली केलं. "कोनत्याच पोरीले! एका नाही, कोनत्याच! माह्या पोराले मुका म्हंते! अन् तुमी पेढे वाटून राह्यले? कायचे पेढे आहे हे? नापसंतीचे?"

मामांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "असं कसं लिवीन ते? रूपाली? असं काऊन लिवलं तू?"

रूपालीला काही कळेना. "पिक्चर तसाच आहे तं काय लिवू?"

"पिक्चरचं कोन इचारलं तुले?" विहीणबाई म्हणाल्या. "चाल रे नीलेश. वरवटची गाडी अजून भेटीन."

नीलेश हलला नाही. त्याच्या आईने त्याचा दंड धरला. रूपालीचा चेहरा मी पाहिला. जी मुलगी सुई टोचताना डोळ्याची पापणी हलवत नाही, तिचा चेहरा पांढरा पडला होता. ही सगळी करणी माझ्या डब्याची होती. मला पुढे जायला हवं होतं. पण चूक आपली आहे हे कळणं आणि ती आपल्या तोंडाने वीस माणसांत सांगणं, यांत थोडा वेळ जातो.

तेवढ्यात इंगळेकाका घुसले. त्यांनी विहीणबाईंच्या हातातून कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं, चष्मा वर केला.

"याच्यावर पत्ता कुठी आहे?" ते म्हणाले.

"कायचा पत्ता?"

"हे कोनाबद्दल आहे, ते लिवलंच नाही. नाव लिवनाऱ्याचं आहे. ज्याच्याबद्दल लिवलं त्याचं कुठी आहे? पाठवनारा आहे, घेनारा नाही. असं टपाल आमी वाटतच नसू. परत पाठवत असू." आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू तीन दिवस ते हेच सांगत होते. खरं म्हणजे सांगतच होते.

मग मी पुढे झाले. सगळ्यांना बुकिंगच्या खोलीत नेलं. ती खोली दोन माणसांची. आत आम्ही अकरा आणि पेढ्यांचा खोका. मी सांगितलं: ही कार्डं सिनेमाची. सगळ्यांना देतो. पसंत, नापसंत ते पिक्चरबद्दल. मामा मत म्हणाले, मला वाटलं पिक्चरचं मत. चूक माझी. रूपालीने लिहिलेला मुलगा हा पिक्चरमधला. सहा वेळा येऊन परत जाणारा.

विहीणबाई विचार करू लागल्या. त्यांनीही पिक्चर पाहिला होता. "तो?" त्या म्हणाल्या. "तो खाली उभा राहून पाहात बसते तो? त्याले तं म्याबी नापसंत केलं असतं." चेहरा जरा सैल झाला. "बरोबरच लिवलं मंग पोरीनं."

मामांचा मात्र फुगा फुटला. हातातल्या कार्डाकडे पाहत म्हणाले, "म्हंजे हेबी पिक्चरचंच? पोराले पिक्चर पसंत आहे फक्त?" आणि प्रथमच खालची ओळ वाचली. मोठ्याने वाचली, कारण मामांना मनात वाचता येत नाही. "कारण: मोकळी आहे. हसते तेव्हा कोणाची पर्वा करत नाही. कंटाळली होती तरी माझ्यासाठी बसून राहिली."

पिक्चर हसत नाही. पिक्चर कुणासाठी बसूनही राहत नाही.

नीलेश भिंतीकडे पाहत म्हणाला, "मले वाटलं, हे... तिच्याबद्दलच आहे. मामाइनं सोय केली अशीन म्हटलं."

म्हणजे साऱ्या टॉकीजमध्ये कार्डाचा चुकीचा अर्थ लावणारी माणसं तीन, मामा, विहीणबाई आणि नीलेश. आणि तिघांनी तो एकच लावला होता. मामांचे पेढे बरोबर होते. मामांना ते आधीपासूनच माहीत असल्यासारखे ते उभे राहिले.

विहीणबाई मात्र पक्क्या. "थांबा. म्हंजे पोराचं कार्ड पोरीबद्दल, अन् पोरीचं पिक्चरबद्दल. मंग पोरीचं पोराबद्दल काय आहे? ते तं अजून आलंच नाही."

सगळ्यांनी रूपालीकडे पाहिलं. आता तिला तोंडावर विचारल्यासारखंच झालं होतं, आणि तेवढं एकच टाळण्यासाठी मामांनी एवढा खटाटोप केला होता. ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, अजून एक कार्ड द्या."

आता मी सरकन एक कार्ड काढून द्यायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस देईल. पण एकोणतीस वर्षं नियमाने तिकिटं फाडणाऱ्या माणसाच्या तोंडून आपोआप नियमच निघतो. मी म्हटलं, "एका तिकिटाला एकच कार्ड आहे."

मला स्वतःला ऐकून लाज वाटली. रूपालीला नाही वाटली. ती म्हणाली, "मंग सहाच्या शोचं तिकीट द्या."

"दोन," नीलेश म्हणाला. पिक्चरमधल्या नायकाला सहा फेऱ्यांत जे जमलं नव्हतं ते त्याने एका शब्दात केलं.

"दोन कायचे?" मामा म्हणाले. "नऊ!"

"मीबी पाहीन पुन्हा," विहीणबाई म्हणाल्या. "पयल्या वक्ताले सारं ध्यान या दोघाइकडेच होतं. त्या पोरीच्या मायचं काय झालं ते समजलंच नाही." आणि पेढा घेतला.

इंगळेकाका म्हणाले, "मले एफ-अकरा द्या. पिक्चर पाह्यला आहे, मी खांबाकडे पाहीन."

मी नव्या प्लॅनवर नऊ चौकोन काटले आणि एक खांबाचा. त्या शोला त्या नऊ जणांनी केलेला आवाज खाली फॉयरपर्यंत येत होता. चुकीचं पार्सल आलं की मामा ओरडायचे, "घे! पुन्हा!" आणि विहीणबाई कुरिअरवाल्याला नावं ठेवायच्या. नायक चौथ्यांदा परत फिरला तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अबे जा ना वर!" आणि सगळी टॉकीज हसली. रांगेत पेढा मिळालेले पाच-सहा जणही आत होते. त्यांना वाटत होतं, पिक्चरच इतका रंगला आहे. त्या आठवड्यातला आमचा सगळ्यांत चांगला शो तो. दिग्दर्शकाला त्याचं श्रेय देता येणार नाही.

सुटल्यावर रूपालीने कार्ड भरलं, पण या वेळी डब्यात टाकलं नाही. सरळ विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, म्हणून ते नीलेशला वाचायला लावलं. त्याने वाचलं, आणि शेवटची ओळ कुणी न सांगताच दुसऱ्यांदा वाचली. विहीणबाई ऐकून म्हणाल्या, "लिवते तं चांगलं. आता सोयपाक कसा करते ते तुमी सांगूच नोका, आमी पाहून घेऊ." ही आमच्या भागातली पूर्ण संमती.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात वडनेरला झालं. मी गेले होते. ब्लेझर नीलेशने घातला होता, आणि बँडमास्तरनेही.

पण ते नंतर. त्या रात्री मंडळी गेल्यावर मी डबा घेऊन खिडकीत बसले आणि अमरावतीला फोन लावला. सगळी कार्डं सांगून झाली. शेवटचं एक उरलं, रूपालीचं, सहाच्या शोचं; जाताना विहीणबाईंनी ते माझ्या हातात ठेवलं होतं. ते मी ब्लेझरवाल्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं: 'नापसंत. कारण: पिक्चर दुसऱ्यांदा पाहिला, आणखीच वाईट आहे. मुलगा पसंत आहे. तो विचारायची वाट न पाहता मीच सांगते.'

पलीकडे थोडा वेळ कागदाचा आवाज आला.

"मॅडम," तो म्हणाला, "मुलगा असा रकाना आमच्याकडे नाही. नापसंतीत धरा."

मी नापसंतीत धरलं.